म्हाताऱ्याचं वळण

पालीच्या बाजारातून वर चढणारा रस्ता धरला की झाडं एकेक करून मागे पडतात आणि कोंडसडा लागतो. सडा म्हणजे नजर पोचेल तिथवर उघडा पडलेला जांभ्याचा लाल कातळ. पावसाळ्यात त्यावर रानफुलं येतात, फुलांमागोमाग फोटो काढणारे येतात आणि कोकणावर जीव ओवाळून टाकून परत जातात. त्यांनी एकदा मे महिन्यात यावं. गवताची काडी नसते, खालून तवा आणि वरून तवा, आणि वारा सुटला की लाल धूळ अशी उठते की शेजारी उभा असलेला माणूस दिसत नाही. इथल्या मोटारींच्या शर्यतीच्या जाहिरातीत ‘कोकणातलं वाळवंट’ असं छापलं होतं. जाहिराती करणाऱ्यांच्या तोंडून खरं बाहेर पडण्याचे प्रसंग थोडे, त्यातला हा एक.

या सड्यावर जुनी चिरेखाण आहे. अर्ध्या तालुक्याची घरं तिथल्या दगडानं उभी राहिली. दगड संपला तेव्हा मागे उरला तो लांबट आकाराचा प्रचंड खड्डा. खाण पायरी पायरीनं कापत खाली गेलेली, त्यामुळे चारी बाजूंनी बसायला आयती जागा. रत्नागिरीतल्या काही हौशी आणि खिसा गरम असलेल्या मंडळींनी हे पाहिलं आणि त्यांच्या डोक्यात लंबगोल ट्रॅक फिरू लागला. तळ सपाट झाला, खडीवर जांभ्याची भुकटी दाबली गेली, बाहेरच्या अंगानं काँक्रीटची भिंत उभी राहिली. अडचण एकच होती. तिचं नाव म्हातारा.

म्हातारा म्हणजे सड्याचा राखणदार. ओबडधोबड उभा दगड, ना नाक ना डोळे. खाणीतल्या गड्यांनी सगळा सडा कापून नेला पण म्हाताऱ्याखालचा दगड कुणी कापला नाही. त्यामुळे झालं असं, की भोवतालची जमीन खाली गेली आणि म्हातारा आपोआप उंच होऊन बसला, न कापलेल्या जांभ्याच्या खांबावर. पायी जाणारा त्याला हिरवी डहाळी वाहतो. गाडीवाला एक्सलरेटरवरून पाय उचलतो, छातीला हात लावतो आणि मगच पुढे जातो. ट्रॅकवाल्यांनी म्हाताऱ्याला विधिपूर्वक दुसरीकडे नेण्याचा विषय काढला तेव्हा गाव बसला, चहा झाला, आणि ट्रॅक कुठंही हलवा पण म्हातारा हलणार नाही, असं ठरलं. म्हणून तिसरं वळण म्हाताऱ्याला वळसा घालून जातं आणि बाकी तिन्ही वळणांपेक्षा अंमळ अधिकच आवळलेलं आहे.

उर्वी गोताड गाडी शिकली ती याच सड्यावर, बापाच्या चिऱ्यांच्या ट्रकात. श्रीपती गोताडची जन्माची नोकरी या खाणीतच झाली. त्याची शिकवण्याची पद्धत सोपी होती. क्लच, गिअर, ब्रेक, म्हातारा. चौथ्या गोष्टीचं कारण तिनं लहानपणी विचारलं होतं. थोरामोठ्यांच्या समोरून कोण धावत जातं, एवढंच तो म्हणाला होता. गाडी चालवणं म्हणजे यातल्या चारही गोष्टी, अशीच तिची बरेच दिवस समजूत होती. लायसन्सच्या परीक्षेतही वळणावर तिनं पाय उचलून छातीला हात लावला, तेव्हा शेजारी बसलेल्या साहेबांनी हा कुठला सिग्नल म्हणून विचारलं.

पुढे ती जीपच्या शर्यतींत उतरली, नाव झालं, आणि मारुती मंदिरच्या नाक्यावर स्पेअर पार्टचं मोठं दुकान असलेल्या अनिलशेठ खेडेकरांनी तिला आपल्या टीममध्ये पगारावर घेतलं. या गाड्या बाहेरून रस्त्यावरच्या साध्या गाडीसारख्याच दिसतात. आतून मागच्या सीट, गाद्या, दारांच्या काचा सगळं काढून लोखंडी नळ्यांचा पिंजरा बसवलेला असतो आणि इंजिनाला दूध-तूप घालून पैलवान केलेलं असतं. अशी बाराएक गाड्यांची शर्यत, वर्षभर गावोगावी, आणि शेवटची कोंडसड्यावर. गेल्या वर्षी ही शेवटची शर्यत उर्वी हरली होती. पुण्याचा सलिल पुढे आणि गाडीच्या नाकाएवढ्या अंतरानं ही मागे.

हरली का, ते शौनकनं शोधून काढलं. शौनक टीमचा इंजिनिअर. रत्नागिरीचाच, मास्तरांचा मुलगा, पुण्यात शिकून आलेला आणि तरीही स्वभावानं बरा. त्याच्या लॅपटॉपवर गाडीच्या वेगाची रेघ उमटते. उर्वीच्या रेघेत प्रत्येक फेरीला एकाच जागी खड्डा पडत होता. तिसऱ्या वळणाच्या तोंडाशी. सगळे पायाचा अंगठा मोडेपर्यंत एक्सलरेटर दाबून शिरतात, तिथं ही बाई पाय उचलत होती. टीममध्ये त्या खड्ड्याला ‘म्हातारा’ असंच नाव पडलं आणि त्यावरून तिची यथेच्छ चेष्टा झाली. तीही हसायची. पण पाय काही ऐकत नव्हता.

या वर्षी हसण्याचे दिवस नव्हते. सकाळीच अनिलशेठनी तिला तंबूमागे बाजूला घेतलं. माणूस वाईट नाही, फक्त वाईट बातमी सांगताना फार गोड बोलतो. पुढच्या वर्षी टीमला एकच गाडी उतरवणं परवडणार होतं आणि सलिलशी बोलणं झालं होतं. आज उर्वी जिंकली तर गाडी तिची. नाही तर गाडी सलिलची, आणि तिच्यासाठी दुकानात नव्या ड्रायव्हरांना शिकवण्याचं काम आहेच, बसून, पंख्याखाली. पंख्याचं ऐकल्यावर ती तडक गाडीकडे निघाली.

शौनकनं लॅपटॉप उघडून रेघ दाखवली आणि आज पाय उचलायचा नाही, असं तिच्याकडून कबूल करून घेतलं. ती हो म्हणाली. मनापासून म्हणाली.

आणि मग बाप आला.

श्रीपतीनं लेकीची एकही शर्यत पाहिली नव्हती. त्याला बघवत नसे. पण आजची शर्यत त्याच्या खाणीत, आणि घरी बसून राहिला असता तर गावानं त्याला सोडलं नसतं. साखरेनं उजव्या पायाची दोन बोटं नेली होती, डॉक्टरांनी स्टिअरिंगला हात लावायला बंदी केली होती. काठी टेकत, पायऱ्यांवरून जपून उतरत तो तिच्यापर्यंत आला. हातात करवंदीची डहाळी.

“म्हाताऱ्याला सांगून झालाय माझा,” तो म्हणाला. “मला काय आता गाडी मिळायची नाय. म्हाताऱ्याशी पाय उचलायचा तो तूच गो.”

उर्वी त्यालाही हो म्हणाली. एका सकाळी, एकाच तोंडानं, दोन उलट वचनं. तिला स्वतःची लाज वाटली. त्याला सांगून टाकावं असं ओठांवर आलं, पण त्याच्या हातातली डहाळी पाहून शब्द परत गेले. तो हळूहळू वर चढून गेला आणि मधल्या पायरीवर, आपल्या जुन्या सोबत्यांत, बरोबर म्हाताऱ्याच्या समोर जाऊन बसला. जागा नेमकी हीच निवडायची होती.

चार वाजता ऊन जरा कललं आणि शर्यत सुरू झाली.

उर्वी चौथ्या जागेवरून निघाली. पहिल्या दोन फेऱ्यांत धुळीपलीकडे काही दिसतच नव्हतं, पुढच्या गाडीचा मागचा दिवा तेवढा लाल धुरात लुकलुकत होता. तिसऱ्या वळणाशी आली. खांब दिसला, त्यावरचा दगड दिसला, दगडावरच्या वाळलेल्या डहाळ्या दिसल्या. पाय सवयीनं हलू लागला. तिनं दात आवळून तो दाबून धरला. गाडी म्हाताऱ्यासमोरून सुसाट गेली आणि तिला मान वर करून बघण्याची हिंमत झाली नाही.

हेल्मेटमधल्या रेडिओवर शौनक खूश होता. म्हातारा गेला, म्हणाला, रेघ सरळ आहे. आणि खरोखरच गाडी पळत होती. थोड्याच वेळात ती तिसरी झाली, मग पहिल्या वळणावर आतल्या बाजूनं घुसून दुसरी. पुढे फक्त सलिलची पांढरी गाडी. ती लाल व्हायला आली होती ही गोष्ट वेगळी. पायऱ्यांवर पालीपासून रत्नागिरीपर्यंतचा सगळा मुलूख जमला होता, आणि आपली पोर दुसरी आली म्हटल्यावर असा काही गलका झाला की इंजिनांच्या आवाजातूनही तो तिला जाणवला. तिला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. दर फेरीला ते वळण आलं की छातीवर कुणी हात ठेवून मागे लोटल्यासारखं वाटत होतं.

आणि मग गाडी रुसली.

या ट्रॅकवर सारी वळणं डावीकडे. त्यामुळे सगळा भार येतो उजव्या बाजूच्या पुढच्या टायरवर. त्यात खाली जांभ्याची भुकटी, म्हणजे कानसच. गेल्या वर्षी शर्यत निम्मी होती, टायर कसेबसे तगले. या वर्षी फेऱ्या दुप्पट केल्या होत्या, आणि हा हिशेब कुठल्याच टीमच्या डोक्यात नीट शिरला नव्हता. सगळ्यांनी सराव केला तो नव्याकोऱ्या टायरवर, एकेका फेरीचा. एका फेरीत पाय न उचलणाराच जिंकतो, यात शौनकचं काही चुकलं नव्हतं.

तिसऱ्या वळणात शिरताना उर्वीनं स्टिअरिंग डावीकडे फिरवलं आणि गाडी सरळच गेली. आणखी फिरवलं. नाक वळायला तयार नाही. भिंत अंगावर आली. घाबरून तिनं एक्सलरेटर सोडला, दाराचा पत्रा भिंतीला घासून किंचाळला, आरसा उडाला, आणि त्याच क्षणी पुढचा भाग खाली दबून टायरनं जमीन पकडली. गाडी आज्ञाधारकपणे आत वळली. पाय सोडल्यावर वळली. एवढं होईपर्यंत चारपाच गाड्या धडाधड पुढे निघून गेल्या होत्या.

 रेडिओवर शौनक काही तरी विचारत होता, तिला ऐकू येत नव्हतं. तिच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. पाय सोडला आणि गाडी वळली. हे आपल्या पायाला ठाऊक होतं. ट्रक चिऱ्यांनी भरलेला असायचा तेव्हा याच जागी पाय उचलला की गाडी कशी बसून, सुखानं वळायची. बापानं तो वळणासाठी उचललाच नव्हता, तो म्हाताऱ्यासाठी उचललेला. पण गाडी वळायची ती वळायचीच.

तेवढ्यात मागे दोन गाड्या एकमेकींत अडकल्या आणि पिवळा झेंडा वर झाला. ट्रॅक साफ होईपर्यंत सगळ्यांनी हळू फिरायचं, आणि ज्याला टायर बदलायचे त्यानं बदलून घ्यायचे. टायरचा बदली जोड प्रत्येकाला एकच. सगळ्याच गाड्या ट्रॅक सोडून आपापल्या तंबूशी आल्या. पोरांनी चाकं काढली, नवी चढवली. शौनकनं उर्वीचं निघालेलं उजवं टायर दोन हातांनी उचलून उजेडात धरलं. बाहेरच्या कडेचं रबर साफ गेलं होतं आणि आतली तार लकाकत होती. शेजारच्या तंबूंतही माणसं अशीच टायर हातात घेऊन उभी होती आणि एकमेकांकडे बघायचं टाळत होती.

गाडी पुन्हा ट्रॅकवर आली. झेंडा अजून पिवळाच होता. उर्वीनं रेडिओचं बटण दाबलं.

“शौनक, मी म्हाताऱ्याशी पाय उचलणार आहे.”

 आला तो अनिलशेठचा आवाज. त्यात सकाळचा गोडवा नव्हता. “उर्वी, आपलं काय ठरलंय?”

“ठरलंय ते लक्षात आहे, शेठ. गाडी वळत नाही. ही टायरं अशीच घासली तर शेवटपर्यंत कुणाचीच पोचायची नाहीत. मी उचलते. हरले तर पंख्याखाली बसेन.”

 शेठ शौनककडे बघत असणार आणि शौनक टायरकडे. तिला वाटलं, आता शौनक नाही म्हणतोय. त्याच्या सगळ्या हिवाळ्याची मेहनत त्या सरळ रेघेत होती.

“उचल,” शौनक म्हणाला. “तार माझ्या हाताला लागतेय. मी रेघ बघत बसलो, हे बघितलंच नाही. उचल तू.”

हिरवा झेंडा पडला. ती सातवी होती.

पहिल्या काही फेऱ्या जीव खाणाऱ्या होत्या. नव्या टायरवर सगळे भन्नाट सुटले आणि ती म्हाताऱ्याशी पाय उचलत, मागे मागे. दर फेरीला पुढच्या गाड्या थोड्या लांब जात. अनिलशेठनी रेडिओ काढून ठेवला आणि ते तंबूमागे जाऊन पाणी प्यायले, असं नंतर कळलं. पण पायऱ्यांवरच्या बायांच्या लक्षात आलं होतं. म्हाताऱ्याशी आली की या एकाच गाडीचा आवाज जरा खाली येतो. आधी एकीनं हात जोडले, मग तिच्या शेजारणीनं, आणि बघता बघता अख्खी पायरी दर फेरीला हात जोडू लागली. गाडी एका फेरीत एकदा येते आणि फेऱ्या बऱ्याच बाकी होत्या, त्यामुळे त्या दिवशी म्हाताऱ्याला नमस्कारांची कमतरता पडली नाही.

मग पहिली गाडी फसली. कोल्हापूरची निळी. तिसऱ्या वळणात नाक वळेना, ती बाहेर बाहेर जात राहिली, आणि उर्वी आतून अलगद पुढे निघाली. तिला काही करावंच लागलं नाही. पाय उचलायचा, नाक बसतंय हे पाठीला कळू द्यायचं, वळायचं, आणि बाकीचे अजून स्टिअरिंगशी झोंबत असताना आपण एक्सलरेटर दाबून सरळ रस्त्याला लागायचं. शिरताना गमवायचं आणि निघताना दामदुप्पट वसूल करायचं. पुढची गाडी चौथ्या वळणात भिंतीला घासली. तिच्या पुढची टायर फाटून बाजूला गेली. चौथी, तिसरी. शौनक प्रत्येक वेळी फक्त नंबर सांगत होता आणि त्याचा आवाज दर नंबरला चढत होता.

दुसरी झाली तेव्हा खाणीत असा आवाज उठला की भिंतींतली पारव्यांची वस्ती एकदम आकाशात गेली. पुढे फक्त सलिल.

आता सलिलबद्दल खरं ते सांगायला हवं. उत्तम ड्रायव्हर, आणि धक्के देऊन जिंकणारा नव्हे. त्याचेही टायर गेलेच होते, पण त्यानं ते कमावलेल्या हातांनी सांभाळून आणले होते. तो आतली बाजू धरून बसला. जायचं तर बाहेरून जा, आणि बाहेर भिंत. उर्वीनं पहिल्या वळणावर बघितलं, दुसऱ्यावर बघितलं, जागा नाही. मागच्या सरळ रस्त्यावर ती त्याच्या बंपरला जवळजवळ चिकटली आणि तिच्या काचेवर त्याच्या चाकांची धूळ दाणदाण आपटू लागली. दोन फेऱ्या अशाच गेल्या. पांढरा झेंडा दिसला. शेवटची फेरी.

“काय करू?” तिनं विचारलं.

“मला काय विचारतेस,” शौनक म्हणाला. “म्हाताऱ्याला विचार.”

मागच्या रस्त्यावरून दोन्ही गाड्या एकीमागे एक निघाल्या. खांब मोठा मोठा होत आला. सलिल आतल्या बाजूला घट्ट होता आणि त्यानं शेवटपर्यंत पाय दाबून ठेवला, कारण मागे ही होती आणि पाय उचलणं म्हणजे शर्यत तिच्या हातात देणं, असं कुणालाही वाटलं असतं. उर्वीनं पाय उचलला. नेहमीपेक्षाही अंमळ आधी. छातीला हात लावायला सवड नव्हती, पण मनात तिनं लावला. सलिलची गाडी दोन हात पुढे सरकली आणि पायऱ्यांवर हजारो माणसांचा श्वास अडकला.

मग पांढऱ्या गाडीचं नाक वळायचं थांबलं. थोडंच. ती आतल्या कडेपासून सुटली, हातभर, मग दोन हात, मग गाडीभर. म्हाताऱ्याचा खांब आणि सलिलची गाडी यांच्यामध्ये एक फट पडली आणि उर्वीची गाडी, बसून, सुखानं, त्या फटीत वळली. खांबाचा लाल जांभा खिडकीतून हाताला लागेल इतका जवळून गेला. तिनं पाय दाबला. चौथ्या वळणात दोघं शेजारी शेजारी होते, बाहेर पडताना ती पुढे होती, आणि चौकटीचा झेंडा पडला तेव्हा सलिलची गाडी तिला आरशात शोधावी लागली असती. आरसा तर केव्हाच उडाला होता.

रेडिओवर कुणी तरी ओरडत होतं. शौनक असावा, पण शब्द एकही नव्हता. मग अनिलशेठ आले. त्यांना धाप लागली होती. “गाडी तुझी,” ते म्हणाले. “तुझीच. सलिलला मी सांगतो.”  उर्वी हेल्मेटच्या आत रडत होती आणि हसत होती, आणि दोन्ही एकदम केल्यामुळे तिला ठसका लागला.

बक्षिसाचा मंडप पहिल्या वळणाशी होता. तिथं पाहुणे हार घेऊन उभे राहिले आणि उभेच राहिले, कारण जिंकलेली गाडी मंडपापुढून निघून गेली. ती हळूहळू तिसऱ्या वळणापर्यंत आली आणि म्हाताऱ्याच्या खांबाशी थांबली. उर्वी खिडकीतून बाहेर आली. काठी टेकत, कुणाचाही हात न घेता, श्रीपती समोरून चालत येत होता. त्याला यायला वेळ लागला. ती थांबली, पुढे धावली नाही, कारण त्याला ते आवडलं नसतं.

तो आला, आणि पहिल्यांदा त्यानं दाराचा खरवडलेला पत्रा बघितला. मग तिच्याकडे.

“सुरवातीला उचललास नाय तू.”

 धुळीत कुणालाही काही दिसत नव्हतं, तर याला कसं दिसलं?

“मी कुठं बघतोय,” तो म्हणाला. “डोळे मिटून बसलेलो. पोटच्या पोरीचं असलं काय बघवतंय होय? नुसता ऐकत होतो. जन्म गेला गाडीवर, इंजिन खाली आलेलं कळत नाय मला? येवढ्या गाड्यांत तुझी एक गाडी, आणि खाली येईना. म्हटलं, गेली पोर लांब. आता ती आपली नाय.” त्यानं धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं. “मग आली खाली. तवा डोळे उघडले. मग काय मिटले नाय.”

उर्वीनं त्याला मिठी मारली. एवढ्या लोकांसमोर अशी मिठी गोताडांच्या घरात कुणी कधी मारली नव्हती, त्यामुळे तो काठीसारखा ताठ उभा राहिला, आणि मग त्याचा हात तिच्या पाठीवर आला. सकाळी दोघांना हो म्हटल्याचं तिनं त्याच्या खांद्यात तोंड खुपसून सांगून टाकलं. तो तिच्या पाठीवर थोपटत राहिला.

डहाळी अजून त्याच्या हातातच होती, उन्हानं थोडी मलूल. पूर्वी तो ट्रकच्या टपावरून ती वाहायचा. आता खांब उंच आणि पाय असा. उर्वीनं ती त्याच्या हातातून घेतली, गाडीच्या बोनेटवर पाय ठेवला आणि वर चढली. लांब मंडपात अनिलशेठनी डोक्याला हात लावला, कारण बोनेटचा पत्रा पातळ होता आणि रंग नवीन. तिनं टाचा उंच केल्या आणि करवंदीची डहाळी म्हाताऱ्याच्या पायाशी ठेवली, जिथं गेल्या कितीतरी वर्षांच्या डहाळ्या वाळून पडल्या होत्या. सगळी खाण उभी राहिली. जुने खाणकामगार शिट्ट्या मारत होते, आणि त्यातले दोघे तर सत्तरीच्या पुढचे होते.

तिकडे सलिल गाडीतून उतरून आपलं टायर बघत होता. मग तो चालत आला, हात मिळवला आणि त्या वळणावर ती काय करत होती, असं त्यानं सरळ विचारलं. नमस्कार, ती बोनेटवरून म्हणाली. तो हसला, मग तिचा चेहरा बघून हसायचा थांबला, आणि त्यानं वर दगडाकडे जरा नीट पाहिलं.

“उतर आता खाली,” श्रीपती म्हणाला. “पत्रा चेपेल. शेठची गाडी हाय ती.”

“शेठची नाय बाबा,” उर्वी म्हणाली. “माझी हाय. पुढच्या वर्षीपण माझीच.”

श्रीपतीनं हे ऐकून घेतलं. मग त्यानं काठी बगलेत धरली, उजवा पाय जमिनीवरून थोडासा वर उचलला, म्हाताऱ्याकडे बघत छातीला हात लावला, आणि पाय पुन्हा खाली टेकून लेकीला उतरायला हात दिला.